एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?

"एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकले असेल त्याचा हिशेब नाही. चप्पल शिवणाऱ्यासमोर ऐकले, नळ दुरुस्त करणाऱ्यासमोर ऐकले, लग्नातल्या आचाऱ्यासमोर ऐकले. खोटे कशाला बोलू, स्वतःही अनेकदा म्हटले. पण गेल्या हिवाळ्यात खामगावच्या एका दुकानात माझ्या पुतण्याच्या तोंडून ते ऐकले आणि मला भयंकर राग आला. परतीच्या वाटेवर घर येईपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

प्रकरण मोटारीवर चिकटवायच्या फिल्मचे आहे. ज्यांना ही भानगड ठाऊक नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. (वर्षभरापूर्वी मलाही ठाऊक नव्हती.) नव्या गाडीच्या रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर एक पारदर्शक आवरण चढवतात. तिचे नाव पेंट प्रोटेक्शन फिल्म, दुकानात सगळे पीपीएफ म्हणतात. जून महिन्यात आपण पोरांच्या पुस्तकांना प्लॅस्टिकचे कव्हर घालायचो ना, तसाच प्रकार. फक्त हे साधे प्लॅस्टिक नाही. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन नावाचा रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ असतो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या हेलिकॉप्टरांची पाती वाळू आणि खड्यांनी झिजायची, ती वाचवण्यासाठी अशी फिल्म वापरली गेली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि आता आमच्या चिखली-खामगावातही आली आहे.

"हे सगळे श्रीमंतांचे चोचले" असे माझे पहिले मत होते. ते आता तेवढे ठाम राहिले नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला मुंबईकडचा शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. आमच्या जिल्ह्यात तो मेहकर, सिंदखेडराजाकडून जातो. त्यावर शंभर-एकशेवीसच्या वेगाने जाणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर पुढच्या ट्रकच्या टायरने उडवलेला खडा काय वेगाने आदळत असेल ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला विचारा. महामार्ग सोडून गावाच्या रस्त्याला लागलात तर दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ वाट अडवून उभी. समोरून ट्रॅक्टर आला की गाडी कडेला घ्यावीच लागते, आणि काटे दारांवर रेघोट्या ओढतात. तेव्हा फिल्मचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. मात्र ती वाचवते ते रंगाला, पत्र्याला नाही. खड्याचा टवका आणि काट्याचा ओरखडा ती झेलते. म्हैस आडवी आली तर पोचा पडायचा तो पडणारच.

तर पुतण्याने दसऱ्याला गडद निळ्या रंगाची गाडी घेतली. फिल्मची चौकशी केली तेव्हा दुकानदाराने सबंध गाडीचे पंच्याऐंशी हजार सांगितले. नुसता पुढचा भाग, म्हणजे बॉनेट, बंपर आणि आरसे, करायचा तर पंचवीस हजार. पुतण्या आकडा ऐकून घरी आला आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावून म्हणाला, "काका, ह्याच्यात आहे काय? साबणाचं पाणी मारायचं, फिल्म टाकायची, रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. बारा मिनिटांत बॉनेट झालं बघा." फिल्मचा रोल आणि पट्टी, ब्लेड वगैरे सामान मिळून अकरा हजारांना येत होते. त्याने ते तिथल्या तिथे मागवले. अकरा हजारांत दहा रुपये कमी करा असे त्याने कोणाला म्हटले नाही. मोबाइलला म्हणून तरी काय उपयोग!

आणि मी? मी त्याला उत्तेजन दिले. जन्मभर वर्गात स्वावलंबनावर निबंध लिहून घेतले, "आपुले काम आपण करावे" छापाची वाक्ये फळ्यावर लिहिली. हातात ब्लेड आणि बादली घेऊन उभा राहिलेला पुतण्या पाहून मला कौतुकच वाटले.

नोव्हेंबर संपत आलेला. आमच्या अंगणात सकाळी नऊला काम सुरू झाले. आमच्याकडे त्या दिवसांत काय असते ते वऱ्हाडातल्या वाचकांना सांगायला नको. भाव वाढेल या आशेने शेजाऱ्याच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता. कागदावरून फिल्म सोडवली की तिच्यात वीज भरते आणि ती हवेतला कण न् कण ओढून घेते. कापसाचे तंतू, धूळ, एक पांढरा केस (तो माझाच असणार) सगळे फिल्मखाली जाऊन बसले. मधला सपाट भाग बरा बसला. कडांशी गेल्यावर मात्र फिल्मला घड्या पडू लागल्या. घडी काढायला ताणली तर ताणल्याच्या पांढुरक्या रेषा उठल्या. ऊन वाढले तसे साबणाचे पाणी पत्र्यावरच सुकू लागले. हिवाळ्याच्या उन्हात ही गत, तर एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा काय होईल याची कल्पना करा. दुपारी एकच्या सुमारास जास्तीची फिल्म कापण्यासाठी त्याने बॉनेटच्या कडेने ब्लेड फिरवले आणि ते घसरले.

दुसऱ्या दिवशी सगळी फिल्म ओढून काढली. कापसाचे तंतू गेले, बुडबुडे गेले. ब्लेडची वीतभर रेघ तेवढी राहिली.

हे असे का झाले त्याचे गणित मी नंतर समजून घेतले. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून सुमारे १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला चकाकी देणारा वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ. फिल्म असते १५० ते २०० मायक्रॉनची. म्हणजे जिच्यापासून रंग वाचवायचा ती रेघ आपणच ओढणार नाही अशा बेताने हे ब्लेड चालवायचे असते. फिल्म पुरी कापली गेली पाहिजे आणि ब्लेड रंगाला टेकताही कामा नये. डोळ्यांना यातले काही दिसत नाही. हाताला कळावे लागते. आणि हाताला कळण्यासाठी हात काही वर्षे ते काम करत असावा लागतो. बारा मिनिटांच्या व्हिडिओत ही वर्षे दिसत नाहीत.

मग आम्ही गाडी घेऊन खामगावला गेलो. पुतण्या त्याच्या कामासाठी निघून गेला, मी दोन्ही दिवस त्या दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो. निवृत्त माणसाला दुसरे काम काय!

काम करणारा मुलगा सव्वीस-सत्तावीसचा, नांदुऱ्याकडचा. पुण्याला चार वर्षे एका दुकानात शिकला. पहिले वर्षभर त्याला फक्त गाड्या धुवायला लावले होते. त्याने खोलीचे दार बंद केले आणि जमिनीवर पाणी मारले, धूळ उडू नये म्हणून. गाडी दोनदा धुतली, मग मळलेल्या कणकेसारखा एक गोळा पत्र्यावरून फिरवून रंगात रुतलेले बारीक कण काढले. निम्मा दिवस यातच गेला. तोवर फिल्म उघडलीही नव्हती. बॉनेटचा तुकडा त्याने संगणकाला जोडलेल्या यंत्रावर मापात कापून घेतला, त्यामुळे त्या तुकड्यासाठी गाडीवर ब्लेड लावावेच लागले नाही. त्याच्याजवळ दोन बाटल्या होत्या. एकीत साबणाचे पाणी, त्याने फिल्म सरकते. दुसरीत अल्कोहोल मिसळलेले पाणी, त्याने फिल्म पकडते. कुठे सरकवायची आणि कुठे पकडायची हे तो बोटाच्या टोकाने चाचपून ठरवत होता. बंपरच्या वळणावर गरम हवेचे यंत्र चालवताना दुसरा तळवा सतत जवळ धरून ठेवायचा, जेवढे हाताला सोसते तेवढेच फिल्मला द्यायचे. कडा आतल्या बाजूला वळवून दाबल्या, कारण कड उघडी राहिली की तिथे माती धरते, काळी रेघ दिसते आणि तिथूनच फिल्म उचलायला लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या आरशावरची फिल्म बसवून झाली. मला ती आरशासारखीच स्वच्छ दिसत होती. त्याने मान वाकडी करून दिव्याच्या उजेडात पाहिले आणि सगळी फाडून टाकली. मी म्हटले, "अरे, काहून काढली? चांगली तर बसली होती."

"सर, आत एक कण गेला. हे आज नाही दिसत तुमाले. उन्हात उभी केली का दिसते."

वाया गेलेल्या तुकड्याचा पैसा त्याने आमच्या हिशेबात धरला नाही.

संध्याकाळी पुतण्या आला. हिशेब मांडताना मालकाने कागदावर दोन आकडे लिहिले. फिल्मचे सोळा हजार, मजुरी नऊ हजार. पुतण्याचे बोट पहिल्या आकड्यावरून न थांबता सरकले आणि दुसऱ्यावर येऊन टेकले. "दोन दिवसांचे नऊ हजार? एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?" घासाघीस होऊन शेवटी मजुरी सात हजारांवर आली. तो मुलगा तिथेच उभा राहून हात पुसत होता. त्याचे हात पाण्यात राहून पांढरे पडले होते.

वाचकहो, माझे भांडण या एका बोटाशी आहे. वस्तूच्या किमतीवरून ते मुकाट्याने सरकते आणि माणसाच्या हातावर येऊन अडते. अंगणात अकरा हजारांची फिल्म आम्ही कचऱ्यात टाकली, त्याबद्दल घरात कोणी हळहळले नाही. "शिकायला मिळालं" म्हणून सोडून दिले. आणि जे आम्हाला जमले नाही ते ज्याने करून दाखवले त्याचे दोन हजार कापल्याचा आनंद मात्र घरी येऊन सांगितला! बरे, ते काम किती अवघड आहे हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने कळले होते त्यानेच हे केले. म्हणजे प्रश्न अज्ञानाचा नाही, सवयीचा आहे.

ही सवय जुनी आहे. बारा बलुतेदारांच्या गावगाड्यात हाताने काम करणाऱ्याला सुगीला धान्य मिळे, पण मान लेखणीवाल्याला. कोणते काम कोणी करायचे ते जातीने ठरवून टाकलेले आणि हाताचे काम जितके अधिक तितकी जात खाली. बलुतेदारी गेली म्हणतात. मजुरीचा आकडा पाहताना आपल्या कपाळावर जी आठी पडते ती तिथूनच आलेली आहे.

यावर माझे एक शिक्षक मित्र म्हणाले, "पण स्वतःचं काम स्वतः करणं चांगलंच ना? गांधीजी काय सांगून गेले?" गांधीजी काय सांगून गेले ते आपल्या वर्ध्यातच सांगून गेले. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. तिच्यात मुलाने हस्तोद्योग शिकावा असे होते, आणि तो जाणकाराकडून, रोज, वर्षानुवर्षे. एका रविवारी बादली घेऊन बसावे असे नव्हते. हाताचे काम ही विद्या आहे, ते करता करता बुद्धी वाढते, हे तिचे सूत्र. "त्यात काय आहे" म्हणून एका सकाळी कारागिराची विद्या उरकायला निघणे हे त्याच्या अगदी उलट आहे. त्यात स्वावलंबन नाही, त्या विद्येचा अपमान आहे. आणि मजुरी वाचवण्यासाठी केलेल्या कामाला स्वावलंबनाचे नाव देऊ नये. त्याला काटकसर म्हणा. आमच्या बाबतीत तर तीही साधली नाही.

इथे मला स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि पुढे आपल्या शाळांत त्या नावाचा विषय आला. वेळापत्रकात त्याची तासिका असे. मी मराठीचा शिक्षक. दहावीचा अभ्यासक्रम मागे पडला की मी ती तासिका मागून घेई आणि व्याकरण शिकवी. गणिताचे सरही तेच करत. उरलेल्या तासिकांत खडू, फायली नाहीतर मेणबत्त्या, आणि वर्षाच्या शेवटी सगळ्यांना एकजात श्रेणी. त्या विषयात कोणी नापास झाल्याचे मला आठवत नाही. आम्ही मुलांना काय शिकवले? तर हाताचे काम म्हणजे ज्यात कोणी नापास होत नाही, ज्याची तासिका कोणीही घेऊ शकतो, असे काम. माझा पुतण्या त्याच शाळांतून शिकला. दुकानातल्या कागदावर टेकलेले ते बोट एका अर्थी आम्हीच तयार केले आहे. माझा राग एवढा का होता ते मला हे लिहिता लिहिता समजते आहे.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, कारागीर तरी कुठे सगळे प्रामाणिक असतात?" नसतात. या धंद्यात तर पावलोपावली फसवणूक आहे. स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म टीपीयू म्हणून चिकटवतात आणि ती थोड्याच काळात पिवळी पडते. रस्त्याच्या कडेला, धुळीत, गाडीवरच ब्लेड चालवून काम करणारेही आहेत. म्हणून डोळे मिटून पैसे द्या असे मी म्हणत नाही. दुकानात जाऊन विचारा, वर्षापूर्वी केलेली एखादी गाडी दाखवाल का? तिच्या कडा पाहा. काम बंद खोलीत होते की उघड्यावर? कापणे यंत्रावर की गाडीवर? बिलावर फिल्मचे नाव आणि तिची वॉरंटी लिहून मिळेल का? आणि काम कोण करणार, त्या माणसाला भेटा. एवढे पटले तर मग मजुरी कापू नका. पटले नाही तर तिथे काम देऊ नका. कापलेल्या मजुरीत कोणता कण आत राहू द्यायचा हे शेवटी तोच ठरवणार असतो.

आणि पैसे नसतील तर? तर फिल्म लावू नये. गाडी सावलीत लावावी, पक्ष्यांची घाण लगेच धुवावी, वर्षातून दोन-तीनदा मेणाचे पॉलिश करावे. चुकीच्या बसवलेल्या फिल्मपेक्षा उघडा रंग कितीतरी बरा. हौसच असेल तर लहान कामे घरी जरूर करा. दाराच्या हँडलमागची वाटी, जिथे अंगठीचे आणि नखांचे ओरखडे पडतात. दाराची उभी कड. डिकीत सामान चढवताना घासतो तो उंबरठा. यांचे तयार कापलेले तुकडे मिळतात. जागा सपाट, तुकडा लहान, आणि गाडीवर ब्लेड लावायचे नाही, एवढे पथ्य पाळले की बिघडले तरी फार बिघडत नाही. बॉनेट आणि बंपर मात्र ज्याचे काम त्यालाच द्या.

पुतण्या आता माझ्याशी नीट बोलतो, मीही बोलतो. "काका, तुम्ही उगाच तापता. दोन हजार वाचले ते वाचले," असे तो अजून म्हणतो. मी काही म्हणत नाही. परवा तो गाडी घेऊन आला तेव्हा सकाळचे ऊन बॉनेटवर तिरपे पडले होते. फिल्म इतकी स्वच्छ बसली आहे की ती आहे हे सांगावे लागते. तिच्याखाली ब्लेडची ती वीतभर रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्यावर आता कधी धूळ बसणार नाही, की ऊन-पावसाचा त्रास होणार नाही. त्या मुलाने आमची चूकही तितक्याच नेटाने सांभाळून ठेवली आहे.